रविवार मिळाला, पण उरलेल्या चार मागण्यांचं काय?

प्रति,
महाराष्ट्रातल्या शाळांत इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १० जून जवळ आला की माझ्या मोबाइलवर एकच मेसेज पाच-सहा ठिकाणांहून येतो. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं चित्र, आणि खाली लिहिलेलं असतं की १८९० साली आजच्याच दिवशी आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली. पाठवणाऱ्यांत तुमच्यापैकी बरेच जण असतात. शाळा उघडायच्या तोंडावर तुम्ही आठवणीने तो मेसेज पुढे पाठवता, याचं मला मनापासून बरं वाटतं. माझे वडील लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर कापड विणायचे; मागाला गिरणीत साचा म्हणत. मी दहावीपर्यंत गिरणगावातल्याच शाळेत शिकलो, पण लोखंड्यांचं नाव मला वर्गात एकदाही ऐकायला मिळालं नाही. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नोकरीला लागलेला होतो. त्यामुळे मेसेजबद्दल माझी तक्रार नाही. माझी विनंती त्याच्या पुढची आहे.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांच्या पुढाकाराने परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. सरकारने कारखान्यांतल्या कामाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे ठेवायचा अर्ज तिथे मंजूर झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. अर्जात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर गंभीर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

मेसेजमध्ये यातली पहिलीच मागणी असते. पाठ्यपुस्तकात लोखंड्यांवर दोन-चार ओळी आल्या तरी त्या तिथेच थांबतात. वर्गात एक तास मिळत असेल, तर तो उरलेल्या चार मागण्यांना द्या, एवढंच मला म्हणायचं आहे. एकोणिसाव्या शतकातला कामगार कसा जगत होता हे रविवारपेक्षा त्या चार ओळींतून जास्त कळतं.

वेळेची मागणी मुलांना गणितासारखी सोडवायला द्या. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त ही मागणी आजच्या मुलाला चमत्कारिक वाटेल. आठ तास का नाही मागितले, असं तो विचारेल. तेव्हाच्या बहुतेक गिरण्यांत रात्री कामापुरता उजेड नसायचा. त्यामुळे उजाडलं की इंजिन सुरू आणि अंधारलं की बंद, हाच नियम होता. आता कॅलेंडर काढून मुंबईचा सूर्योदय बघायला सांगा. जूनच्या मध्यावर तो सहाच्या सुमारास होतो, डिसेंबरच्या मध्यावर सातच्या पुढे. मात्र त्या काळचं मुंबईचं घड्याळ आजच्या भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होतं. म्हणजे तेव्हाच्या घड्याळात जूनचा सूर्योदय पाच-वीसच्या आसपास आणि डिसेंबरचा साडेसहाला थोडी मिनिटं कमी असताना. अर्जातलं साडेसहा इथे जाऊन बसतं. कामगार म्हणत होते की हिवाळ्यात काम ज्या वेळेला सुरू होतं तीच वेळ वर्षभर ठेवा, उन्हाळ्यातला वरचा तास-सव्वा तास आम्हाला झोपेसाठी सोडा. जूनमध्ये सव्वातेरा तासांचा दिवस त्यांना बारा तासांवर आणायचा होता. हे गणित मी स्वतः कागदावर मांडलं त्या दिवशी बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो. केवढी मोजकी मागणी होती ती, आणि तीही त्यांना मिळाली नाही.

पुरुष कामगारांच्या तासांवर कायद्याची पहिली मर्यादा कापड गिरण्यांना १९११ साली लागली, तीही बारा तासांची. तोवर गिरण्यांत विजेचे दिवे आले होते, त्यामुळे सूर्यास्ताचाही आधार उरला नव्हता. मुलांना हे जरूर सांगा. विजेच्या दिव्याने घर उजळलं असं आपण शिकवतो. साच्यावरच्या माणसाच्या दिवसात त्या दिव्याने तास घातले.

दुपारच्या अर्ध्या तासाबद्दल थोडक्यात सांगतो. इंजिन चालू असताना माणूस साच्यापासून हलला तर धागा तुटून माल बिघडतो, आणि बिघडलेल्या मालाचा दंड पगारातून जातो. काही वेळा तो कापडाचा तुकडाच कामगाराच्या गळ्यात मारून त्याची किंमत वळती करून घेत. त्यामुळे भाकरी खायची ती आळीपाळीने, घाईघाईत, कापसाचं तूस अंगावर आणि अन्नावर पडत असताना. मालक मंडळींचं म्हणणं होतं की कामगार मधेमधे आपखुशीने बाहेर जातात, विडी ओढतात, त्यांना वेगळ्या विश्रांतीची गरज नाही. १८९१ च्या कारखाना कायद्याने अर्ध्या तासाची दुपारची सुट्टी आली.

ज्या मागणीवर मी सगळ्यात जास्त थांबा म्हणेन, ती पगाराची.

मी गेली अठरा वर्षं एका औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांच्या हजेऱ्या आणि पगारपत्रकं सांभाळतो. त्यामुळे '१५ तारखेच्या आत' हे शब्द वाचले की माझ्या डोळ्यांपुढे काउंटरची जाळी येते. मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातून आलेला एक पोरगा महिन्याच्या २२ तारखेला जाळीपाशी उभा होता. कंत्राटदाराने बिल अडकल्याचं सांगून पगार लांबवला होता. पोरगा भांडला नाही. त्याने खिशातून किराणा दुकानदाराची उधारीची वही काढली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. बेरजेच्या खाली दुकानदाराने तांबड्या पेनने दोन रेघा मारल्या होत्या. "हे बघा, आजपासून देणार नाही म्हणतो," एवढंच तो बोलला. माझ्या हातात काही नव्हतं. कायदा आहे, तरी हे होतं. कायदा नव्हता तेव्हाचं चित्र मुलांपुढे उभं करायचं असेल तर या वहीपासून सुरुवात करा.

१८८० च्या दशकात रत्नागिरीकडून बोटीने किंवा साताऱ्याकडून घाट उतरून आलेला माणूस गिरणीत लागला, की जूनचा पगार त्याला जुलैच्या मध्यानंतर, कधी जुलै संपत आल्यावर मिळायचा. म्हणजे पहिले सहा-सात आठवडे हातात दमडी नाही. खायचं कुठे? खानावळीत, उधारीवर. धान्य वाण्याकडून, उधारीवर. रोकड लागली तर सावकाराकडून. गिरणगावात पुढे कित्येक वर्षं चालत आलेला दर रुपयाला महिन्याला एक आणा असा होता. मुलांना हिशेब करू द्या. सोळा आण्यांचा रुपया, महिन्याला एक आणा, वर्षाला बारा आणे. शंभराला पंचाहत्तर.

यात आणखी एक मेख होती. कामगार न सांगता काम सोडून गेला, तर गिरणीकडे अडकलेला पगार बुडायचा. त्यामुळे मागे राहिलेला पगार हा मालकाच्या हातातला दोर होता. गावी आई आजारी पडली, भाताची लावणी आली, शिमगा आला, तरी निघताना माणसाला विचार करावा लागे की गेलो तर महिन्याभराची मेहनत जाते. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर. त्याला दस्तुरी म्हणजे कामावर घेतल्याचे पैसे द्यायचे, सणाला भेट द्यायची, कारण उद्या बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी तरी उभं करणार की नाही हे त्याच्या मर्जीवर. एका महिन्याची थकबाकी माणसाला वाण्याशी, सावकाराशी, जॉबरशी आणि गिरणीशी एकदम बांधून टाकत होती. पाच मागण्यांतली ही दिसायला सगळ्यात साधी मागणी, पण तिने ते सगळं सुटलं असतं. म्हणून मालकांनी ती मान्य केली नाही, असं माझं मत आहे.

ती मान्य होऊ शकत होती का? होय, आणि याचा पुरावा मुंबईने स्वतः बघितला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. गिरण्यांना माणसं मिळेनात. तेव्हा १८९७ च्या सुरुवातीला गिरण्यांची माणसं नाक्यानाक्यावर उभी राहून कामगारांसाठी एकमेकांवर बोली लावत होती, आणि पगार रोजच्या रोज रोख देत होती. पंधरा दिवस तर सोडाच, संध्याकाळी हातात पैसे. तेरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीसाठी साडेपाच हजार लोकांनी सह्या केल्या होत्या, ती माणसांच्या टंचाईने काही आठवड्यांत घडवून आणली. रोगाचा जोर ओसरला, गावाला गेलेली माणसं परतली, तशी महिन्याची जुनी रीतही परतली. लोखंडे त्याच प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले.

वेळेवर पगाराचा कायदा १९३६ साली झाला. लहान कारखान्यांना ७ तारीख, हजार आणि त्यावर माणसं असणाऱ्यांना १० तारीख. सुपारीबागेच्या सभेनंतर ५२ वर्षांनी.

पाचव्या मागणीचं मला जवळून ठाऊक आहे. आमच्या चाळीत आमच्याच मजल्यावर एक काका होते, साचेवाले. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणारं लाकडी साधन, साच्यातून उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला. पण त्यांच्या वेळी नुकसानभरपाईचा कायदा होता, विमा दवाखाना होता. रक्कम मिळाली, गिरणीने हलकं काम दिलं, आणि त्यांच्या दोन्ही मुली बारावी झाल्या. शंभर वर्षांपूर्वी असंच झालं असतं तर? १८८१ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घाला असं होतं, पण ज्याचा हात गेला त्याच्या घरी चूल कशी पेटेल यावर तो कायदा गप्प होता. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. १८८४ मध्ये 'जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय' हे वाक्य लिहून घेणाऱ्यांनी आपापल्या चाळीत असे कितीतरी काका बघितले असणार.

आता तुम्हाला वर्गात अडचणीचे वाटतील असे दोन-तीन मुद्दे. ते टाळू नका अशी विनंती आहे.

पहिला मुद्दा, कारखान्यांचा कायदा व्हावा म्हणून इंग्लंडमधून जो जोर लागला त्यात लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता. मुंबईचं सूत त्यांना स्पर्धेला नको होतं. त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ पुढाऱ्यांना आणि वृत्तपत्रांना हा कायदा देशी धंद्यावरचा घाला वाटला, आणि त्यांनी विरोध केला. ते सगळेच वाईट लोक नव्हते. पण सात वर्षांच्या मुलाला यंत्रावर नऊ तास उभं करावं की नाही, हा प्रश्न लँकेशायरने विचारला म्हणून खोटा ठरत नव्हता. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरवून दिले. आधीची स्थिती त्यावरून समजून घ्या. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांत पारशी समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली होते, आणि सत्यशोधक लोखंडे आपल्या 'दीनबंधू' या वृत्तपत्रातून लिहीत होते. दहावीच्या मुलांना ही ओढाताण नक्की कळते, त्यांना कमी लेखू नका.

दुसरा मुद्दा मुंबईबाहेरचा. खानदेशातल्या जिनांत, म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत, बायका कपाशीच्या हंगामात पहाटे चार-पाचपासून रात्रीपर्यंत काम करायच्या, माल जास्त असला की दिवसरात्र, अशा साक्षी त्याच काळच्या चौकशीत झाल्या. वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने १८८१ च्या कायद्यात धरलेच नव्हते. जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांनी तर हा धडा मुंबईपासून नव्हे, आपल्या गावातल्या जुन्या जिनापासून सुरू करावा. आणि २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार रविवारच्या सुट्टीसाठी जमले, तेव्हा व्यासपीठावरून दोन कामगार बायका बोलल्या. त्या काळात, दहा हजार माणसांपुढे. १० जूनच्या मेसेजमध्ये त्या कधीच नसतात.

तिसरा मुद्दा जातीचा. साचेखात्यात पगार चांगला, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे घेत नसत. कारण धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला नको, असं बाकीचे म्हणत. पाच मागण्यांत याबद्दल एक अक्षर नाही. हा प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी उघडपणे मांडला. माझे वडील साचेखात्यात होते, म्हणजे आमच्या घराला त्या भिंतीचा फायदा झाला आहे. हे लिहिल्याशिवाय मला हे पत्र पूर्ण करता आलं नसतं.

राहणीबद्दल वर्गात एकच गोष्ट करून बघा. फरशीवर खडूने दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन आखा. त्यात आठ-दहा मुलांना झोपायला सांगा, कोपऱ्यात चूल ठेवा, ट्रंका ठेवा, आणि बाहेर साऱ्या चाळीला मिळून एक नळ आहे असं सांगा. तानसाचं पाणी मुंबईत १८९२ ला आलं, त्याआधीच्या उन्हाळ्यांत त्या नळाला किती धार होती याची कल्पना मुलंच करतील. माझा जन्म अशाच एका गाळ्यात झाला, नव्वद वर्षांनंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि सत्तर हजारांच्या पुढे कामगार होते. त्यातले कितीतरी असेच राहत.

लोखंड्यांच्या गिरणी कामगार संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, असं सरकारी अहवालाने तेव्हा नोंदवून ठेवलं आहे. त्यावरून तिला कमी लेखणारे आजही भेटतात. माझं म्हणणं असं आहे की वर्गणी देण्याइतका पैसा ज्यांच्या हातात महिना-दीड महिना पडतच नव्हता, त्यांनी अर्जावर आपलं नाव घालणं ही मोठी गोष्ट होती. जॉबरच्या नजरेस ते नाव पडलं असतं तर काम गेलं असतं, आणि अडकलेला पगारही.

माझ्याकडे वडिलांचा एक धोटा आहे. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी पिशवीतून घरी आणला. लाकूड हाताच्या घामाने काळं झालंय, दोन्ही टोकांना पोलादी निमुळती टोपणं आहेत, आणि बाजूला ते भोक आहे, ज्याला त्यांनी पंचवीस वर्षं ओठ लावले. मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी शनिवारी तो घेऊन येईन. मुलांना हातात घेऊन बघू दे. टोकाशी बोट जपून ठेवा, एवढंच त्यांना आधी सांगेन.

आपला,
एका साचेवाल्याचा मुलगा